एकाच मोबाईलवर दोन नंबर कसे? : ॲपमधील माहितीची साठवण आणि वाटणी



प्राचार्यांनी या पानावर परीक्षा, शिस्त आणि फी यांविषयी लिहावे अशी रीत आहे. या वेळी आम्ही मोबाईल ॲपविषयी लिहीत आहोत. तसे लिहिण्यास कारण घडले आहे.

जुलै २०२४ मधील गोष्ट. चौथीतील एका मुलीला तिसऱ्या तासाला थंडी वाजून ताप भरला. वर्गशिक्षिका बाईंनी आपल्या मोबाईलवर शाळेचे ॲप उघडले, वर्गाच्या यादीत मुलीचे नाव दाबले आणि आईचा जो नंबर दिसला त्यावर फोन केला. तो दुसऱ्याच कुणाला लागला. वडील नोकरीनिमित्त बाहेरगावी, त्यांचा फोन बंद. शेवटी शिपाईकाका स्कूटरवरून घर शोधत गेले आणि सव्वा तासाने आई शाळेत पोचली. तोवर मुलगी कार्यालयातल्या बाकावर पडून होती. औषधपाणी होऊन ती चार दिवसांत बरी झाली, पण त्या दिवशी आईने आम्हाला विचारलेला प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. "सर, नवा नंबर मी जूनमध्येच लिहून दिला होता ना?"

दिला होता. अर्ज फाइलमध्ये होता. कार्यालयातील बाबूजींनी तो नंबर त्याच दिवशी संगणकात भरलाही होता. मग आम्ही बाईंचा मोबाईल मागून घेतला. 'माझा वर्ग' या स्क्रीनवर जुना नंबर आणि 'स्कूल बस' या स्क्रीनवर नवा नंबर! मोबाईल एकच, ॲप एकच, मुलगी एकच. आईने आपले काम केले होते, बाबूजींनी केले होते, बाईंनीही केले होते. तरीही निरोप पोचला नाही.

ॲप बनवणाऱ्या कंपनीने सांगितले, ॲप काढून पुन्हा टाका. तसे केल्यावर नवा नंबर दिसू लागला. परंतु दुखणे कशामुळे झाले ते कळल्याशिवाय आमचे समाधान होईना. त्या वर्षी गणेशोत्सवात आपला एक माजी विद्यार्थी घरी आला होता. तो मोबाईलसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो. त्याने दोन संध्याकाळ आमच्यासाठी आणि अकरावीच्या मुलांसाठी संगणक कक्षात काढल्या. आम्ही हिंदी माध्यमातून गणित शिकलेलो आहोत. संचाला अजूनही आमच्या तोंडून आधी 'समुच्चय' निघते, आणि संगणक तर आमच्या कॉलेजात पाहायलाही मिळाला नव्हता. म्हणून आम्ही त्याला अट घातली की, शाळेतल्याच वस्तू घेऊन समजाव. त्याच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून जे समजले ते येथे देत आहोत.

फळा, वही आणि कार्यालय

ॲपमधील माहिती तीन जागी राहू शकते. पहिली जागा म्हणजे मोबाईलची मेमरी. ती वर्गातल्या फळ्यासारखी आहे. लिहायला आणि वाचायला सर्वांत जलद, पण तास संपला की पुसली जाते. दुसरी जागा म्हणजे मोबाईलमधील कायमची साठवण. ती वहीसारखी आहे. फळ्यापेक्षा सावकाश, पण मोबाईल बंद करून चालू केला तरी मजकूर राहतो. तिसरी जागा म्हणजे इंटरनेटपलीकडचा सर्व्हर. ते आपले कार्यालय. तेथील दाखल-खारिज रजिस्टर हे मूळ, पण तेथवर जायला वेळ लागतो आणि वाट बंद असेल तर जाताच येत नाही.

आता स्क्रीन म्हणजे काय? स्क्रीन ही नुसती खिडकी आहे. खिडकीतून माहिती दिसते, पण ती खिडकीत राहत नाही. नवशिक्या ॲपमध्ये नेमकी हीच चूक होते. यादीच्या स्क्रीनने सर्व्हरवरून माहिती आणली आणि स्वतःजवळ ठेवली. तपशिलाच्या स्क्रीनने यादीकडून तिची नक्कल घेतली. बसच्या स्क्रीनने स्वतंत्रपणे सर्व्हरकडून आणली. झाल्या तीन प्रती. आपल्या प्रसंगात यादीने एप्रिलमध्ये आणलेली प्रत वहीत उतरवून ठेवली होती आणि ती नव्याने तपासण्याची सोयच केलेली नव्हती. बसची स्क्रीन मात्र दर वेळी कार्यालयात विचारून येत होती. म्हणून एकाच मोबाईलवर दोन नंबर.

शिवाय खिडकीत ठेवलेले टिकतही नाही. अँड्रॉइड मोबाईल आडवा केला की, वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर, समोरची स्क्रीन मोडून नव्याने बांधली जाते. मेमरी कमी पडली तर मागे पडलेले संपूर्ण ॲपच व्यवस्था बंद करून टाकते. अर्धी हजेरी भरून बाईंनी मध्येच फोन घेतला आणि परत आल्यावर हजेरी कोरी दिसली, अशी तक्रार आपल्या शिक्षकांनी अनेकदा केली आहे. तिचे कारण बहुधा हेच.

नोंद पाठवू नये, क्रमांक पाठवावा

एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना काही तरी सोबत न्यावेच लागते. कोणत्या मुलीचा तपशील दाखवायचा, हे पुढच्या स्क्रीनला कळले पाहिजे. येथे दोन रीती आहेत. मुलीची संपूर्ण नोंद बांधून पाठवणे, किंवा तिचा फक्त क्रमांक पाठवणे.

आपल्या मध्यप्रदेशातील पालकांना समग्र आयडी माहीत आहे. कुटुंबाचा आठ अंकी आणि सदस्याचा नऊ अंकी. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर तो क्रमांक लिहिला की मुलाची नोंद सापडते, प्रत्येक टेबलावर घरातील सर्व कागदांचे बाड फिरवावे लागत नाही. ॲपनेही असेच करावे. यादीने नऊ अंक द्यावेत आणि तपशिलाच्या स्क्रीनने ते अंक घेऊन मूळ वहीत पाहावे.

यात केवळ नीटनेटकेपणा नाही, हिशोबही आहे. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन उघडताना सोबतचे सामान ज्या वाटेने जाते, तिची क्षमता सुमारे १ एमबी आहे. तीही त्या ॲपच्या त्या वेळी चालू असलेल्या अशा सर्व देवाणघेवाणींत मिळून. एका विद्यार्थ्याची नोंद २ केबीची धरली तर ४० मुलांच्या वर्गाची ८० केबी होते आणि सामान निमूट जाते. संपूर्ण शाळेची ९०० मुले घेतली की १८०० केबी होतात आणि ॲप तेथेच बंद पडते. म्हणजे एका वर्गावर तपासलेले ॲप मोठ्या यादीवर कोसळू शकते. मुलांनो, लहान उदाहरणात उत्तर बरोबर आले म्हणून रीत बरोबर ठरत नाही, हे गणिताच्या तासाला आम्ही सांगतो ते इथेही लागू पडते.

क्रमांक लहान असल्यामुळे आणखी एक लाभ होतो. ॲप मध्येच बंद झाले तरी व्यवस्था तेवढा क्रमांक आठवणीत ठेवू शकते. ॲप परत उघडल्यावर स्क्रीन त्यावरून मूळ नोंद पुन्हा काढते आणि काम जेथे सोडले तेथून पुढे चालू होते.

कोणती वस्तू कोठे ठेवावी

वही एकच नसते. भाषा मराठी की हिंदी, अक्षर लहान की मोठे, शेवटी कोणता वर्ग उघडला होता, अशा चार-दोन बारीक गोष्टींसाठी लहान खण असतो. आयफोनमध्ये त्याला यूजरडिफॉल्ट्स म्हणतात, अँड्रॉइडमध्ये शेअर्डप्रेफरन्सेस आणि आता डेटास्टोअर. शेअर्डप्रेफरन्सेसचा खण उघडला की त्यातील सगळेच एकदम मेमरीत येते. म्हणून ९०० मुलांची यादी त्यात कोंबणे म्हणजे पेन्सिल काढण्यासाठी दर वेळी सगळे दप्तर ओतणे.

मोठ्या, तक्त्यांच्या स्वरूपातील माहितीसाठी डेटाबेस असतो. एसक्यूलाइट हा डेटाबेस रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रथम प्रसिद्ध केला. तो अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत मुळातच असतो. त्यात हवी तेवढीच ओळ काढता येते. अँड्रॉइडवर त्याच्याशी काम सोपे व्हावे म्हणून गुगलने २०१७ मध्ये 'रूम' नावाची जोडणी दिली.

डेटाबेसची एक सोय हजेरीसाठी फार मोलाची आहे. ४० मुलांची हजेरी चाळीस वेगवेगळ्या वेळी न लिहिता एकाच व्यवहारात लिहिता येते. त्याने वेळ वाचतो. आणि मध्येच बॅटरी संपली तर अर्धी हजेरी उरत नाही. एक तर पूर्ण लिहिली जाते, नाही तर मुळीच नाही. अर्धवट लिहिलेला हजेरीपट कोऱ्या हजेरीपटापेक्षा वाईट, हे प्रत्येक वर्गशिक्षक सांगेल.

पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या मात्र या साध्या खणात ठेवू नयेत. त्यांच्यासाठी आयफोनमध्ये कीचेन आणि अँड्रॉइडमध्ये कीस्टोअर अशा वेगळ्या कुलुपांची सोय आहे.

घंटा एकदाच वाजते

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक स्क्रीनने आपापली प्रत ठेवली की त्या प्रती एकमेकींपासून दूर जातात. म्हणून ॲपमध्ये मूळ प्रत एकच असावी आणि तिची देखरेख करणारा एकच विभाग असावा. त्याला आपण भांडारपाल म्हणू. कोणत्याही स्क्रीनला माहिती हवी असेल तर भांडारपालाकडे मागावी, बदल करायचा असेल तरी त्याच्याकडेच सांगावे. सर्व्हरवरून केव्हा आणायचे, वहीतले केव्हा दाखवायचे हे तो ठरवील.

पण नंबर बदलला हे उघड्या असलेल्या स्क्रीनला कळणार कसे? शाळेतली रीत पाहा. तास संपला हे सांगायला शिपाईकाका वीस वर्गांत वीस वेळा जात नाहीत. घंटा एकदाच वाजते आणि ज्यांचे कान तिकडे आहेत ते सर्व ऐकतात. ॲपमध्येही स्क्रीनने भांडारपालाकडे नाव नोंदवून ठेवायचे असते. मूळ नोंद बदलली की ज्यांनी नाव नोंदवले त्या सर्व स्क्रीन आपोआप नव्याने रंगतात. अँड्रॉइडमध्ये लाइव्हडेटा आणि फ्लो ही साधने याच कामासाठी आहेत. मात्र स्क्रीन बंद झाली की तिचे नाव नोंदणीतून कमी व्हायला हवे. ते राहून गेले तर बंद झालेल्या स्क्रीन मेमरीत अडकून पडतात आणि मोबाईल हळूहळू जड होत जातो.

काही जण या सर्वांवर सोपा उपाय काढतात. सर्व स्क्रीनसाठी मेमरीत एकच उघडी पेटी ठेवायची, ज्याला हवे त्याने घालावे आणि काढावे. दिसायला हीसुद्धा 'एकच प्रत' आहे. पण तिचा राखणदार कोणी नाही. कोणी काय बदलले ते कळत नाही, आणि ॲप बंद झाले की पेटी रिकामी. त्याहून मोठा धोका म्हणजे शिक्षक-कक्षात एकच टॅबलेट दोघी वापरत असतील आणि पहिलीने लॉगआउट केल्यावर पेटी रिकामी केली नसेल, तर पहिलीच्या वर्गाची माहिती दुसरीला दिसते.

फोटोचा हिशोब

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, अर्थात १ कोटी २० लाख ठिपके. साठवणीत तो दाबून भरलेला असल्यामुळे काही एमबीत मावतो. स्क्रीनवर दाखवताना मात्र तो उलगडावा लागतो, आणि प्रत्येक ठिपक्याला साधारणपणे ४ बाइट लागतात. मुलांनो, गुणाकार करून पाहा. सुमारे ४८ एमबी होतात. यादीत एका वेळी आठ मुले दिसत असतील तर ३८४ एमबी! आणि दाखवायचा काय, तर नखाएवढा चेहरा. तोच फोटो ४०० गुणिले ३०० इतका लहान करून उलगडला तर शंभरावा भाग पुरतो, आणि आठ फोटोंना मिळून ४ एमबीसुद्धा लागत नाहीत. स्क्रीनमध्ये फोटो पाठवताना त्याचा फक्त पत्ता पाठवावा, फोटो नव्हे. नियम वरचाच.

कार्यालयाशी देवाणघेवाण

इंटरनेट नेहमी मिळतेच असे नाही. सहलीच्या बसमध्ये तर नाहीच. म्हणून स्क्रीनने आधी मोबाईलमधील वहीतले दाखवावे आणि मागून सर्व्हरकडे विचारणा करावी. दर वेळी सर्व ९०० नोंदी न मागवता, 'गेल्या वेळेनंतर काय बदलले?' एवढेच विचारावे. तीन नोंदी बदलल्या असतील तर तीनच येतील. पालकांचा डेटा वाचतो आणि बॅटरीही.

बदल परत पाठवताना अधिक जपावे लागते. समजा, बाईंनी मुलीचा पत्ता दुरुस्त केला आणि त्याच वेळी बाबूजींनी तिचा फोन नंबर. दोघांनी संपूर्ण नोंद पाठवली तर जो मागून पाठवील त्याची नोंद पहिल्याची दुरुस्ती पुसून टाकील, आणि दोघांनाही ते कळणार नाही. यावर उपाय असा की बदललेला रकानाच तेवढा पाठवावा, आणि सोबत नोंदीचा आवृत्ती-क्रमांक द्यावा. सर्व्हरकडील आवृत्ती पुढे गेली असेल तर त्याने न पुसता विचारावे, 'मध्यंतरी बदल झाला आहे, काय करू?'

कोणाला किती दिसावे

माहिती वाटणे म्हणजे सर्वांना सर्व देणे नव्हे. बसचालकाला मुलाचे नाव, थांबा आणि पालकांचा नंबर एवढे पुरे. फीची थकबाकी किंवा आजाराची नोंद त्याच्या मोबाईलपर्यंत जाताच कामा नये. 'स्क्रीनवर दाखवत नाही' एवढे पुरेसे नाही, ती माहिती तेथे पाठवलीच जाऊ नये. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आपली जवळपास सर्व मुले त्यात येतात, याचे भान विश्वस्त मंडळाने आणि आम्ही ठेवले पाहिजे.

आपण काय केले

आम्ही कंपनीला चार प्रश्न लेखी पाठवले. मूळ प्रत कोठे आहे? स्क्रीन एकमेकींना नोंद पाठवतात की क्रमांक? इंटरनेट नसताना काय दिसते? लॉगआउट केल्यावर मोबाईलमध्ये काय उरते? डिसेंबर २०२४ मध्ये सुधारित ॲप आले. अकरावीच्या मुलांनी तीन मोबाईल घेऊन त्याची परीक्षा घेतली. कार्यालयात एक खोटा नंबर भरला. दोन मोबाईलवर सर्व स्क्रीनवर तो दिसू लागला. तिसऱ्याचे इंटरनेट मुद्दाम बंद ठेवले होते. तेथे जुनाच नंबर होता, पण खाली 'शेवटची तपासणी' म्हणून तारीख आणि वेळ होती. हे आम्हाला आवडले. माहिती जुनी असणे कधी कधी टाळता येत नाही, पण ती किती जुनी आहे हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

येथे एक गोष्ट कबूल करणे आमचे कर्तव्य आहे. त्या दिवशी बाईंनी नंतर टेबलाच्या खणातील हजेरी रजिस्टरही काढले होते. त्यातही जुनाच नंबर होता. बसची यादी, सहलीची यादी, शिष्यवृत्तीची यादी, अशा पाच ठिकाणी आपण तोच नंबर हाताने उतरवत आलो होतो. कंपनीने ॲपमध्ये जे केले ते आपण कागदावर वर्षानुवर्षे करत होतो. म्हणून आता हजेरी रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याचा फक्त दाखला क्रमांक असतो. नंबर कार्यालयाच्या नोंदीतच बदलला जातो. मोबाईल बंद पडल्यास अडू नये म्हणून दर महिन्याच्या पहिल्या दिवशी छापील यादी निघते. तिच्या माथ्यावर तारीख असते आणि मागील महिन्याची यादी कार्यालयात जमा होऊन नष्ट केली जाते.

मुलांनो, ज्यांना ॲप बनवण्याची हौस आहे त्यांनी शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्यावे. पुस्तकांची यादी, एका पुस्तकाचा तपशील आणि 'माझी पुस्तके' अशा तीन स्क्रीन करा. एका स्क्रीनवर पुस्तक परत केले की बाकी दोन्हींवर ते ताबडतोब दिसले पाहिजे. मग मोबाईल आडवा करून पाहा, इंटरनेट बंद करून पाहा. काम झाले की अकरावीच्या संगणक कक्षात शनिवारी दाखवावे.

पालकांना विनंती अशी की, ॲपमध्ये 'विद्यार्थी माहिती' उघडून आपले दोन्ही नंबर, पत्ता आणि तारीख आजच पाहून घ्यावेत. चूक असल्यास वर्गशिक्षकांना तोंडी न सांगता कार्यालयात लेखी द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी ती दुरुस्ती आपल्या मोबाईलवर दिसते का तेही पाहावे. न दिसल्यास सरळ आमच्याकडे यावे.